नर्सिंग झाल्यावर थेट कम्युनिटी नर्सिंगला जावं की आधी हॉस्पिटल करावं?

आधी वर्षभर तरी मेडिकल किंवा सर्जिकल वॉर्डात काम करा, मग कम्युनिटीत, म्हणजे पेशंटच्या घरी जाऊन नर्सिंग करायला या. मी हेच काम करते म्हणून सांगते, पेशंटच्या घरी तुम्ही एकटेच असता, डायबेटिसवाल्याच्या टाचेची पट्टी सोडली आणि जखमेच्या कडा लाल, हाताला गरम, वास येतोय, तर नुसतं ड्रेसिंग करायचं की आजच डॉक्टरांकडे पाठवायचं हे तिथल्या तिथे ठरवावं लागतं, आणि ती नजर वॉर्डात रोज जखमा बघूनच तयार होते. औषधांचा डबापण उघडून बघायची सवय लावा, एकच गोळी दोन वेगळ्या ब्रँडच्या नावाने चालू असलेली सापडते. फक्त, जिथे सुरुवातीला सिनियर नर्ससोबत व्हिजिटला पाठवतात अशी जागा मिळाली तर थेट गेलात तरी चालेल.