फोगो आयलंड इनमध्ये जेवायला कधी जावं? ताटातलं खरंच बेटावरचं असतं का?

बऱ्याच अंशी, हो. पण ताटात काय येणार, हे ऋतू ठरवतो. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडजवळच्या फोगो बेटावरचं हे 29 खोल्यांचं हॉटेल 2013 मध्ये सुरू झालं.

ताजा स्नो क्रॅब, म्हणजे थंड समुद्रातला खेकडा, हवा असेल तर मे-जून. बेकॲपल हे रानफळ ऑगस्टमध्ये पिकतं: दलदलीत वाढणारं बुटकं रोप, एका देठाला एकच फळ, कच्चं असताना लाल आणि पिकल्यावर पिवळसर केशरी. लाल दिसलं म्हणून तोडलं की फसलात! पार्ट्रिजबेरी, म्हणजे लाल, आंबटसर रानबेरी, सप्टेंबरात. माझं मत विचाराल तर सप्टेंबरच. हिवाळ्यात तळघरातले बटाटे, गाजरं, सलगम आणि खारवलेला कॉड मासा. हा कॉड रात्रभर भिजवून पाणी बदलावं लागतं, नाहीतर घास तोंडात धरवत नाही.

खोलीच्या भाड्यात जेवण धरलेलं असतं. नुसतं जेवायला यायचं असेल तर आधी विचारून घ्या. घोळ होतो तो फेरीबोटीचा. गँडर विमानतळावरून गाडीने फेअरवेल धक्का गाठायचा आणि तिथून बोट. वारा किंवा समुद्रातला बर्फ वाढला की फेरी रद्द होते, त्यामुळे परतीच्या विमानाआधी एक मोकळा दिवस ठेवाच.