'बरी' प्रकृती म्हणजे नेमकी कशी?

विचारणा अशी आहे: एका आंतरराष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणाच्या मराठी प्रश्नावलीत 'एकंदरीत तुमची प्रकृती कशी आहे?' या प्रश्नाखाली 'उत्कृष्ट, खूप चांगली, चांगली, बरी, वाईट' असे पर्याय दिले आहेत. त्यांत चौथ्या जागी असलेल्या इंग्रजी 'फेअर' (fair) या पर्यायासाठी 'बरी' योग्य, की 'साधारण'?

माझ्या मते या जागी 'बरी' मुळीच चालणार नाही. 'बरे नाही' म्हणजे आजारी आणि 'बरा झाला' म्हणजे दुखण्यातून उठला, हे मराठीत इतके पक्के आहे की कोणतेही दुखणे नसलेला माणूसही 'प्रकृती बरी आहे' असे समाधानाने सांगतो. मूळ क्रमात मात्र हा पर्याय 'चांगली'च्या खालचा, तक्रारीकडे झुकणारा आहे, आणि विश्लेषणात 'फेअर' व शेवटचा 'पुअर' (वाईट) ही उत्तरे बहुधा एकाच गटात घातली जातात. म्हणजे धडधाकट मराठी भाषक केवळ शब्दामुळे अनारोग्याच्या रकान्यात जाईल. अमेरिकेतील स्पॅनिश प्रश्नावल्यांत असे घडल्याचे अभ्यासकांनी दाखवले आहे. तेथे 'फेअर'साठी योजलेल्या 'रेगुलार' या शब्दाला 'नेहमीसारखी' अशी छटा आहे, आणि मृत्युदर तुलनेने कमी असूनही त्या भाषकांची प्रकृती कागदावर अधिक वाईट दिसण्यामागे हे एक कारण मानले जाते.

'साधारण'मध्येही 'सर्वसामान्य' हा अर्थ असल्याने धोका तोच. मात्र युरोपीय सर्वेक्षणांत 'खूप चांगली, चांगली, फेअर, वाईट, खूप वाईट' असा क्रम असतो. तेथे 'फेअर' बरोबर मधोमध येतो आणि 'साधारण' चपखल बसतो. एकच इंग्रजी शब्द, पण क्रमातील जागा बदलली की मराठी शब्दही बदलावा लागतो, आणि हे कोणताही शब्दकोश सांगणार नाही. मराठी मजकूर पुन्हा इंग्रजीत करून मुळाशी ताडून पाहण्याच्या चाचणीतही हा दोष नजरेतून सुटतो, कारण 'बरी'चे इंग्रजी करणारा निर्धास्तपणे 'फेअर'च लिहील.

जागतिक आरोग्य संघटनेने 1990च्या दशकात जीवनाच्या गुणवत्तेची प्रश्नावली अनेक केंद्रांत एकाच वेळी घडवताना अधिक न्याय्य वाट धरली. दोन टोकांचे शब्द ठरवून त्यांच्यामध्ये 10 सेंटीमीटरची रेघ आखली आणि त्या-त्या भाषेच्या लोकांनाच उरलेले शब्द रेघेवर कोठे पडतात ते दाखवायला सांगितले. पाव, अर्ध्या आणि पाऊण अंतराजवळ पडलेले शब्द पर्याय म्हणून घेतले.

मूळ पाच पर्यायांत चौथ्या जागी अर्थाने 'यथातथा' नेमका बसतो, पण प्रश्न वाचून दाखवला जात असेल, तर तो सर्वांना उमगेलच असे नाही. 'फारशी चांगली नाही' हे सर्वांना कळेल. ते 'वाईट'च्या फार जवळ जाते का, एवढे मात्र निरनिराळ्या बोलींच्या, न शिकलेल्या भाषकांनाही विचारून, त्याच रेघेवर आधी पडताळावे.