मंजूर नकाशाबाहेरची खोली

प्रश्न : नागपुरात मानेवाडा भागात आम्ही पाहिलेल्या जुन्या घराला मालकाने परवानगीविना मागे खोली वाढवली आहे. ते विकत घेऊन वर मजला चढवता येईल का?

उत्तर : इसार देण्याआधी मंजूर नकाशा मागवून तो प्रत्यक्ष बांधकामाशी ताडून पाहावा, मालमत्ता कराची पावती म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे, आणि याच समजुतीवर अनेक कुटुंबे आयुष्याची पुंजी लावतात याचे वाईट वाटते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ खालील, विनापरवाना बांधकाम हटवण्याची नोटीस मालकाला बजावली जात असल्याने, खरेदीनंतर ती आपल्यालाच येऊ शकते. खोली सामासिक अंतरात (भूखंडाच्या हद्दीलगत मोकळी सोडायच्या जागेत) नसेल आणि चटईक्षेत्र (भूखंडावर करता येणारे एकूण बांधकाम) शिल्लक असेल, तर शुल्क भरून ती नियमित होण्यास वाव असतो. ते काम विक्रेत्यानेच खरेदीखतापूर्वी पूर्ण करावे, अशी अट इसारपत्रात घालावी. भूखंड गुंठेवारीतला, म्हणजे परवानगीविना छोटे तुकडे पाडून विकलेल्या जमिनीतला असल्यास नियमितीकरण पत्रही पाहावे. मजल्याचा विचार त्यानंतरच, पायाची तपासणी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करवून घेऊन करावा.