भोसरीत १८ जणांचं सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशिनचं) वर्कशॉप आहे. नवीन मुलांना बाहेर ट्रेनिंगला पाठवावं की मशिनवरच शिकवावं?

मशिनवरच शिकवा, पण "शेजारी उभा राहा आणि बघ" एवढ्यावर सोडू नका. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी कारखान्यांसाठी तयार झालेली चार पायऱ्यांची पद्धत छोट्या शॉपला आजही चपखल बसते:

- मुलाला आधी काय येतं ते विचारा, भीती घालवा
- काम करून दाखवा, प्रत्येक टप्प्याचं कारण सांगा
- त्याच्याकडून करून घ्या, कारणही त्यालाच बोलायला लावा
- एकटं सोडा, पण तपासत राहा

तिसरी पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते आणि मग ऑफसेट (मशिनला दिलेलं टूलच्या लांबीचं आणि जागेचं माप) चुकतं आणि टूल मोडतं. शिकवणाऱ्या जुन्या ऑपरेटरला तेवढे तास उत्पादनाच्या टार्गेटमधून मोकळं करा, नाहीतर तो मनापासून शिकवणार नाही. माझ्या मते टीम खरी इथेच जुळते, सहलीत नाही. तुमच्याएवढ्या युनिटला अप्रेंटिस (शिकाऊ कामगार) घेणं ऐच्छिक आहे (३० माणसांपासून सक्तीचं), पण केंद्राच्या राष्ट्रीय अप्रेंटिसशिप योजनेत नोंदणी केलीत तर स्टायपेंडचा काही भाग केंद्र सरकार देतं. फक्त ड्रॉइंग वाचणं आणि मायक्रोमीटर धरणं मशिनच्या आवाजात शिकवू नका. त्यासाठी रोज अर्धा तास टेबलाशी बसवा.