खोक्यातला टी-५५ आणि १९७१ चा टी-५५

प्रश्न : मी इंदूरच्या सुदामा नगरात राहतो. बँकेतून निवृत्त झाल्यावर हाताला काही काम असावे म्हणून विमानांच्या दोन-तीन प्रतिकृती जोडल्या. आता नातवाने १/३५ प्रमाणातल्या टी-५५ए रणगाड्याचे किट भेट दिले आहे. माझे थोरले बंधू १९७१ च्या युद्धात रणगाडा दलात होते, त्यामुळे खोक्यावरचा सोव्हिएत रणगाडा न करता त्या वर्षीचा आपल्या सैन्याचा रणगाडा करावा अशी इच्छा आहे. त्यासाठी काय बदलावे लागेल? पितळी पत्र्याचे बारीक भाग, धातूची तोफनळी, सुट्या कड्यांचे ट्रॅक (चाकांवरून फिरणारे साखळीपट्टे) असे सुधारणा-संच मिळतात, पण सगळे मिळून त्यांची किंमत किटच्या वर जाते. ते घ्यावेत का? इंदूरच्या हवेत रंगकामाची काय काळजी घ्यावी, तेही कळवावे.

उत्तर : आपण हे खोके उघडण्याआधी विचारलेत हे उत्तम, कारण टी-५५ चे टरेट, म्हणजे तोफ बसवलेला वरचा फिरता घुमट, एकदा चिकटवले की त्यात फेरफार करणे जिकिरीचे होते. सुधारणा-संचांचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. आधी एक छायाचित्र निवडा. ‘१९७१ चा भारतीय टी-५५’ एवढे पुरेसे नाही. एकाच रेजिमेंटमधल्या दोन रणगाड्यांवरचे सामानसुमान, मशीनगन आणि खुणा वेगळ्या असू शकतात. छायाचित्रातल्या एका विशिष्ट रणगाड्याशी आपले किट ताडून पाहिले, की काय बदलायचे ते आपोआप ठरते आणि बराचसा अनावश्यक खर्च तिथेच वाचतो.

ताडताना पहिला प्रश्न असा की, समोरचा रणगाडा टी-५४ आहे, टी-५५ आहे की टी-५५ए. टरेटच्या छतावर उजव्या बाजूला, लोडरच्या (तोफेत गोळा भरणाऱ्याच्या) झाकणापुढे, हवा खेळवणारी घुमटासारखी टोपी दिसली तर तो टी-५४ समजावा. टी-५५ वर ती नाही. टी-५५ चे उत्पादन १९५८ मध्ये सुरू झाले आणि पुढच्या काही वर्षांत आलेल्या टी-५५ए मध्ये किरणोत्सर्गापासून बचावासाठी अस्तर बसवले गेले. त्यामुळे ए प्रकारात कमांडर, लोडर आणि ड्रायव्हर यांच्या झाकणांभोवतीचे काठ जाड आणि उंच दिसतात. शिवाय साध्या टी-५५ च्या पुढच्या उतरत्या चिलखतात मधोमध एक बारीक छिद्र असते, कारण तिथे आतून पक्की बसवलेली मशीनगन असे. ए प्रकारात ती काढून टाकली. छायाचित्रात झाकणे सपाट दिसत असतील, तर किटमधील झाकणांचे उंचवटे कानसून उतरवा आणि पुढच्या पाटीवर सुईसारख्या ड्रिलने ते छिद्र पाडा. दोन्ही कामे मिळून एका दुपारची आहेत आणि त्यांना एक पैसाही लागत नाही.

आता आपल्या सैन्याची खास खूण. १९७१ मध्ये पाकिस्तानकडे चिनी बनावटीचे टाइप ५९ रणगाडे होते, आणि टाइप ५९ म्हणजे टी-५४ए चीच चिनी आवृत्ती. जम्मूजवळच्या छंबसारख्या भागात दोन्ही बाजूंचे रणगाडे लांबून एकसारखे दिसत, तेव्हा आपल्याच माणसांनी आपल्याच रणगाड्यावर गोळा टाकण्याची भीती होती. म्हणून भारतीय टी-५५ च्या तोफनळीच्या मध्यावर एक नकली फुगवटा बसवला गेला. धूर शोषून घेणारा खरा फुगवटा टी-५५ च्या १०० मिमी तोफेला नळीच्या तोंडाशी असतो, तर सेंच्युरियन किंवा विजयंतासारख्या रणगाड्यांच्या १०५ मिमी तोफेला तो नळीच्या मध्याजवळ असतो. मध्यावरच्या त्या डब्यामुळे रणगाड्याची बाह्याकृती शत्रूच्या रणगाड्याहून चटकन वेगळी ओळखू येई. युद्धानंतरच्या काळात आपल्या अनेक टी-५५ वर खरोखरीच १०५ मिमी तोफ बसली, त्यामुळे पुढच्या दशकांतली छायाचित्रे पाहून १९७१ चा रणगाडा करू नका. ही गल्लत फार जणांकडून होते.

हा नकली फुगवटा घरीच करता येतो. दही किंवा आइस्क्रीमचा असा रिकामा कप शोधा की ज्याच्या तळाशी त्रिकोणात ६ हा आकडा आहे. तो पॉलिस्टायरीनचा, म्हणजे किटच्याच प्लास्टिकचा असतो आणि किटच्याच सिमेंटने, म्हणजे प्लास्टिक विरघळवून जोडणाऱ्या गोंदाने, एकजीव होतो. ५ आकड्याचा कप पॉलिप्रॉपिलीनचा असून त्याला हे सिमेंट धरतच नाही. कपाची सरळ पट्टी कापून ती नळीभोवती घट्ट गुंडाळा आणि प्रत्येक वेढ्याखाली पातळ सिमेंटचा एक थेंब सोडा. वेढ्यांचे सांधे नळीच्या खालच्या बाजूला येऊ द्यात. लांबी-जाडी छायाचित्रावरून, नळीच्या जाडीच्या किती पट दिसते ते मोजून ठरवा. दुसऱ्या दिवशी ६०० नंबरच्या वॉटर पेपरने तो गोल करा. तोफनळी दोन अर्ध्या भागांची असेल तर तिचा उभा सांधा मात्र त्याआधीच घासून नाहीसा करायला हवा, कारण फुगवटा बसल्यावर तिथे पेपर नीट फिरत नाही. धातूची नळी ही सांध्याची कटकट वाचवते, एवढाच तिचा लाभ. एका नळीच्या सांध्यासाठी मी तरी तो खर्च करणार नाही.

पितळी भागांविषयी माझे मत थोडे कडक आहे. पहिल्याच रणगाड्याला ते घेऊ नयेत. एक साधा हिशेब करून पाहा : १/३५ प्रमाणात १ मिमी प्लास्टिक म्हणजे ३५ मिमी पोलाद. टी-५५ च्या पुढच्या चिलखताची जाडी सुमारे १०० मिमी, म्हणजे प्रतिकृतीत जवळपास ३ मिमी. तिथे जाड प्लास्टिक शोभते. फेंडर, म्हणजे ट्रॅकवरची झाकणपट्टी, मात्र दोन-तीन मिमी पत्र्याचे असतात आणि किटमध्ये त्यांची कड मिलिमीटरभर जाड असली, तर पाहणाऱ्याला ते पत्र्याऐवजी चिलखत वाटते. यावर अख्खा फेंडर बदलण्याची गरज नसते. दिसते ती फक्त कड. ती खालच्या बाजूने ब्लेडने खरवडून पातळ करावी. एखादा कोपरा वाकलेला, फाटलेला दाखवायचा असेल तर तेवढाच कापून त्याजागी शीतपेयाच्या ॲल्युमिनियमच्या कॅनचा तुकडा लावावा. त्याचा पत्रा सुमारे ०.१ मिमी जाडीचा, म्हणजे प्रमाणात साडेतीन मिमी भरतो. त्याला सिमेंट चालत नाही, तिथे फेवीक्विकच हवे, आणि तेही सुईच्या टोकावर घेऊन, कारण जास्त झाले की आसपास पांढरी वाफ धरते. टरेटवरचे हातकठडे किटमध्ये जाड वाटले तर जेल रोडवर कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणाऱ्या अर्ध्या मिमीच्या तांब्याच्या तारेतून वाकवून घ्यावेत.

खरी मेहनत टरेटवर घ्या, कारण पाहणाऱ्याचे लक्ष आधी तिथेच जाते. टी-५५ चे टरेट ओतीव पोलादाचे आहे आणि त्याच्या छताला मात्र लाटलेल्या पोलादाच्या दोन पाट्या जोडलेल्या आहेत. ओतीव भाग टाकी पुसट झालेल्या जुन्या पाट्यासारखा खडबडीत दिसतो. अनेक किटमध्ये तो गुळगुळीतच येतो. त्यावर पातळ सिमेंटचा हात एका वेळी दोन बोटांएवढ्या जागेत फिरवा, अर्ध्या मिनिटाने प्लास्टिक मऊ झाले की केस आखूड कापलेल्या जुन्या ब्रशने उभ्या टोकाने ठोके द्या, आणि वाळल्यावर वरवर पेपर फिरवून टोके मोडा. छताच्या पाट्या आणि धडाच्या (टरेटखालच्या मुख्य पेटीच्या) बाजू यांवर ही प्रक्रिया अजिबात करू नका. लाटलेले पोलाद सपाटच असते, आणि ओतीव-लाटीव हा भेद नीट दिसला की अर्धे काम झाले. छताच्या पाट्यांच्या जोडावर वेल्डिंगची रेघ हवी. स्प्रूचा, म्हणजे ज्या चौकटीवर भाग येतात तिचा, एक तुकडा निरांजनाच्या ज्योतीवर ज्योतीला न लावता धरून मऊ होताच दोन्हीकडे ओढला की केसासारखी तार निघते. ती जोडावर ठेवून सिमेंटने भिजवा आणि मऊ असताना ब्लेडच्या बोथट पाठीने जवळजवळ चिरा दाबत जा. हे सगळे प्रत्यक्ष पाहायचे असेल तर इंदूरहून धुळे-मनमाडच्या रस्त्याने पुण्याला जाताना अहिल्यानगरला थांबावे. आपल्या अहिल्याबाईंचे नाव आता ज्या शहराला मिळाले आहे, तिथे १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. तिथल्या टरेटांचा पृष्ठभाग नीट न्याहाळलात, तर कुठल्याही सूचनापुस्तिकेपेक्षा जास्त कळेल.

ट्रॅकच्या बाबतीत टी-५५ ची एक लकब आहे. त्याला प्रत्येक बाजूला पाच मोठी चाके असतात, पहिल्या आणि दुसऱ्या चाकामधले अंतर इतरांपेक्षा जास्त असते, आणि वरच्या बाजूला आधाराच्या लहान चकत्या नसल्यामुळे ट्रॅक सैल पडून थेट चाकांवर टेकतो. किटमधला रबरी अखंड ट्रॅक ताणून सरळ राहतो, आणि त्यामुळे रणगाडा खेळण्यासारखा दिसू लागतो. सुट्या कड्यांचा ट्रॅक सुंदर पडतो यात शंका नाही, परंतु वरचा बराचसा भाग फेंडरखाली झाकलेलाच असतो. तेव्हा धडाच्या बाजूला, चाकांच्या किंचित वर छिद्रे पाडून त्यांत टाचणीचे तुकडे असे बसवा की ट्रॅक त्यांच्याखाली दाबला जाईल. पुढच्या चाकाशी आणि मागच्या दातेरी चाकाशी तो झोळ दिसला की पुरे.

रंगाकडे वळतो. आपल्याकडे एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात दुपारी स्प्रे मारला, तर रंगाचे थेंब वाटेतच सुकतात आणि पृष्ठभागावर भुकटी बसते. त्या दिवसांत सकाळी लवकर रंगवावे. पावसाळ्यात याच्या उलट होते, लॅकर पद्धतीच्या रंगावर ओलाव्याने पांढुरकी झाक येते, म्हणून पावसाची रिपरिप असताना तो डबा उघडूच नये. सियागंजात गाड्यांसाठीचा एनसी थिनर स्वस्त मिळतो. तो ब्रश धुण्यापुरता ठीक आहे, पण उघड्या प्लास्टिकवर ब्रशने लावला तर पृष्ठभाग खातो. रंगवण्यापूर्वी जोडलेला रणगाडा भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यात धुऊन वाळवावा, राखाडी प्रायमर द्यावा, आणि मग हिरवा रंग डब्यातल्यापेक्षा थोडा फिकट करून पातळ थरांत चढवावा. इतक्या लहान वस्तूवर गडद हिरवा काळपट दिसतो. टरेटवरचा इन्फ्रारेड दिवा चंदेरी रंगवू नका, त्याची काच काळसर लाल असते. टी-५५ चा धूर डाव्या फेंडरवरून मागच्या बाजूला बाहेर पडतो, त्यामुळे काजळी तिथेच आणि फक्त तिथेच.

धुळीबाबत एक सूचना, कारण इंदूरच्या माणसाचा हात सवयीने काळ्या मातीकडे जातो. माळव्यातली ही चिकण माती त्या युद्धात नव्हती. छंब हा मुनव्वर तवी नदीच्या काठचा प्रदेश आहे, तिथे करडी-तपकिरी वाळूमिश्र गाळाची धूळ दाखवावी. फिकट पिवळसर करड्या पेस्टल खडूची पूड चाकांवर आणि धडाच्या खालच्या भागावर मऊ ब्रशने बसवली की पुरते. बंगालच्या आघाडीवरचा रणगाडा करत असाल तर मात्र ओला चिखल हवा, त्यासाठी एम-सीलमध्ये थोडी चाळलेली माती मळून घ्यावी.

प्रश्न : टिळक नगरातल्या आमच्या घरी काकांनी बऱ्याच वर्षांपूर्वी जोडलेला एक रणगाडा कपाटावर आहे. त्याचे ट्रॅक चाकांना चिकटून बसले आहेत आणि जिथे चिकटले तिथे चाके वितळल्यासारखी खचली आहेत. उन्हामुळे असे झाले का? दुरुस्त करता येईल का?

उत्तर : उष्णतेने वेग दिला असेल, पण मूळ कारण वेगळे आहे. मऊ व्हिनाइल लवचीक राहावे म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य मिसळलेले असते, ते हळूहळू बाहेर झिरपते आणि उघड्या पॉलिस्टायरीनला विरघळवते. ट्रॅक ओढू नका. कात्रीने तुकडे करून सोडवा. खचलेल्या जागा साबणाने पुसून, गाड्यांच्या डेंटिंगवाल्याकडची एनसी पुट्टी पातळ थरांत भरून घासून घ्या. एखादे चाक फारच गेले असेल तर ते आतल्या बाजूला, न दिसेल असे बसवा. नवे ट्रॅक पुन्हा व्हिनाइलचेच घेणार असाल तर चाकांच्या कडेला आणि ट्रॅकच्या आतल्या बाजूला ॲक्रिलिक रंगाचा भरघोस थर द्या, म्हणजे दोहोंचा थेट स्पर्श होणार नाही. कड्यांचे प्लास्टिकचे ट्रॅक घेतलेत तर ही काळजीच नको. कपाटाचा वरचा भाग गच्चीखाली तापत असेल तर रणगाडा खालच्या खणात हलवा.