गुडघ्यामागचं गणित

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे, गणित आणि बायोलॉजी दोन्ही घेतलंय. गेल्या वर्षी कबड्डी खेळताना, कुणाचा धक्काही नसताना, गुडघ्यातलं एसीएल लिगामेंट तुटलं. ऑपरेशन झालं. आता म्हणते, बायोमेकॅनिक्सच करणार. म्हणजे फिजिओथेरपीच ना? नोकरी मिळेल का?
– एक आई, सांगली

ताई, नमस्कार.

फिजिओथेरपी नव्हे. बायोमेकॅनिक्स म्हणजे शरीराच्या हालचालींमागचं यंत्रशास्त्र. ‘धक्काही नसताना’ असं तुम्ही लिहिलंत, हा विषय तिथूनच सुरू होतो. एसीएलच्या बऱ्याच दुखापती अशाच होतात. उडीवरून उतरताना किंवा झटकन वळताना गुडघा आत झुकतो आणि पाय टेकल्यापासून साधारण 50 मिलिसेकंदांत लिगामेंट जातं. मोबाइलचा साधा व्हिडिओ सेकंदाला 30 फ्रेम घेतो, म्हणजे सगळा प्रकार दीड-दोन फ्रेममध्ये आटोपला! म्हणून लॅबमध्ये अंगावर मार्कर, म्हणजे कॅमेऱ्याला टिपता येतील असे खुणेचे ठिपके, चिकटवून वेगवान कॅमेरे लावतात, जमिनीत फोर्स प्लेट बसवतात. पायाने जमिनीवर किती आणि कुठल्या दिशेने जोर दिला, त्यावरून गुडघ्यावर आलेला भार काढतात. हे काम वेक्टर, टॉर्क आणि न्यूटनच्या नियमांचं आहे, पेशंटचं नाही. लेकीला ते खरंच आवडतंय की दुखापतीचा राग बोलतोय, हे आधी बघा.

तपासायला खर्च नाही. किनोविया हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. मैत्रिणींच्या उड्या फोनच्या स्लो-मोशनमध्ये, समोरून शूट करायच्या आणि उतरताना गुडघ्याचा कोन फ्रेमगणिक मोजायचा. कंटाळवाणं काम आहे. चार रविवार टिकली तर पुढचं बोलू.

नोकरीचं स्पष्ट सांगते. फक्त ‘बायोमेकॅनिक्स’ अशा पाटीच्या जागा आपल्याकडे मोजक्याच आहेत. त्यामुळे नावावर भाळून पदवीलाच त्यात उडी नको. आधी पोट भरणारी पदवी, हा विषय मास्टर्सला. माणसांत रमत असेल तर बीपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी. त्याला ‘नीट’ ही प्रवेशपरीक्षा लागते. आकडेमोड आवडत असेल तर मेकॅनिकल किंवा बायोमेडिकल इंजिनीअरिंग, मग ‘गेट’ ही प्रवेशपरीक्षा देऊन एमटेक. आयआयटी मुंबईत बायोमेडिकलचं एमटेक आहे.

तिसरी वाट फार कुणी सुचवत नाही : कृत्रिम अवयव. मुंबईत हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थेत प्रोस्थेटिक्स-ऑर्थोटिक्सची, म्हणजे कृत्रिम अवयव आणि अवयवांना आधार देणारी साधनं बनवण्याची, पदवी मिळते. आयआयटी मद्रासने 2022 मध्ये ‘कदम’ हा कृत्रिम गुडघा बाजारात आणला, तोही याच शास्त्रावर उभा आहे.

तूर्त ‘नीट’ आणि इंजिनीअरिंगसाठीची एमएचटी-सीईटी, दोन्ही फॉर्म भरा. पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायोलॉजी) आहे, तर एकही दार आत्ताच लावून घेऊ नका.