प्रश्न उद्भवू द्यायचा कसा?

अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की मंत्र्यांना प्रश्न कसे विचारले जातात, याबद्दल पत्रं येऊ लागतात. या अंकासाठी ठाणे-नवी मुंबईतली निवडक पत्रं घेतली आहेत.

रेल्वे स्थानकातल्या लिफ्टबद्दल प्रश्न विचारायचा तर खासदारांकडे जायचं की आमदारांकडे? (एक वाचक, ऐरोली)

रेल्वे केंद्राची म्हणून खासदार, हे अर्धंच उत्तर झालं. नवी मुंबईतली बरीच स्थानकं सिडको (नवी मुंबई वसवणारं राज्याचं महामंडळ) आणि रेल्वेने मिळून उभारलेली आहेत, आणि सिडको राज्याच्या नगरविकास खात्याखाली येते. रूळ आणि गाड्या रेल्वेच्या, यात वाद नाही. इमारत, भुयारी मार्ग, वाहनतळ, लिफ्ट कोणाच्या देखभालीत आहेत ते मात्र स्थानकागणिक पाहावं लागतं. त्यासाठी माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून देखभालीचा करार आणि ठेकेदाराला दिलेला कार्यादेश मागवा. लिफ्ट रेल्वेकडे निघाली तर प्रश्न लोकसभेत रेल्वेमंत्र्यांना, सिडकोकडे निघाली तर विधानसभेत नगरविकासमंत्र्यांना.

ऐरोली आणि बेलापूर हे विधानसभा मतदारसंघ ठाणे लोकसभेत येतात, कळवा-मुंब्रा कल्याणमध्ये, पनवेल आणि उरण मावळमध्ये. पण प्रश्न आपल्याच मतदारसंघातल्या सदस्याने विचारला पाहिजे असं बंधन नाही. राज्यसभा किंवा विधान परिषदेतला एखादा अभ्यासू सदस्य ओळखीचा असेल तर खुशाल त्याच्याकडे जा.

आमच्या पुलाबद्दल आमदारांनी विधानसभेत प्रश्न विचारला. उत्तर आलं: ‘(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.’ असं का होतं? (एक वाचक, ठाणे पश्चिम)

प्रश्नच तसा लिहिला होता म्हणून. तुम्ही पाठवलेल्या मसुद्यातला पहिला भाग असा आहे: ‘सदर पादचारी पूल पाच वर्षांपासून धोकादायक असून प्रशासनाच्या अक्षम्य दुर्लक्षामुळे नागरिकांना जीव मुठीत धरून ये-जा करावी लागत आहे, हे खरे आहे काय?’ या एका वाक्यात तीन दावे आहेत: पाच वर्षं, धोकादायक, दुर्लक्ष. त्यातला एक जरी काटेकोरपणे टिकला नाही, समजा पाच वर्षांना दोन महिने कमी भरले, तरी खात्याला ‘हे खरे नाही’ लिहिता येतं आणि त्यात खोटंही काही नसतं. पुढचे तिन्ही भाग ‘असल्यास’ने सुरू होत होते. पहिला पडला, की त्याच्यावर टेकलेले सगळे पडतात.

तोच प्रश्न असा लिहून पाहा:

(१) सदर पुलाचा स्ट्रक्चरल ऑडिट अहवाल (क्रमांक व दिनांक) संबंधित कार्यालयास प्राप्त झाला आहे, हे खरे आहे काय;
(२) उक्त अहवालात सुचविलेल्या दुरुस्त्यांपैकी किती, कोणत्या दिनांकास पूर्ण झाल्या;
(३) त्यावर आजपर्यंत किती रक्कम खर्च झाली;
(४) उर्वरित दुरुस्त्यांचे कार्यादेश केव्हा देण्यात आले, अद्याप दिले नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत?

पहिल्या भागात हातातल्या कागदाबाहेरचं एक अक्षर नाही. अहवालाची प्रत आमदारांकडे असल्यावर तो नाकारणं खात्याला महागात पडेल. दुसऱ्या-तिसऱ्या भागात ‘असल्यास’ नाही, तिथे आकडा आणि तारीखच द्यावी लागते. शेवटचा भाग माहिती अधिकाराला न जमणारं काम करतो. त्या अर्जावर दप्तरी असलेला कागद मिळतो, ‘का केलं नाही’ याचं उत्तर नव्याने तयार करून मिळत नाही. इथे ते मंत्र्यांच्या नावावर, सभागृहाच्या नोंदीत येतं.

विशेषणांचा मोह टाळा. आरोप, उपरोध, तर्क, मत मागणं, ‘समजा असं झालं तर’ छापाची कल्पना, न्यायप्रविष्ट बाब यांना लोकसभेच्या नियमांतही बंदी आहे. तिथे प्रश्न 150 शब्दांत बसवावा लागतो आणि आधी उत्तर मिळालेला प्रश्न पुन्हा चालत नाही. म्हणून जुनी उत्तरं संकेतस्थळावर शोधूनच मसुदा करा.

प्रश्न तारांकितच मागावा ना? (एक वाचक, वाशी)

मंत्र्याला उभं करायचं असेल तर तारांकित, कारण त्याचं उत्तर तोंडी असतं आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. आकडे हवे असतील तर अतारांकित, म्हणजे लेखी उत्तराचा, पुरतो. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत 20 तारांकित आणि 230 अतारांकित असतात, क्रम सोडतीने लागतो. प्रश्नोत्तरांचा तास एकच, 11 ते 12. त्यात विसाच्या विसांची तोंडी उत्तरं होत नाहीत, उरलेल्यांची लेखी पटलावर ठेवली जातात. पण पुरवणी प्रश्नांची धार कमी लेखू नका. 1957 मध्ये आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडांच्या कंपन्यांत गुंतवलेल्या पैशांचा विषय लोकसभेत प्रश्नापासूनच सुरू झाला. न्यायमूर्ती छागलांची चौकशी झाली आणि 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना पायउतार व्हावं लागलं.

लोकसभेत प्रश्नाची नोटीस पूर्ण 15 दिवस आधी लागते. नोटिशीचा आणि उत्तराचा दिवस त्यात धरत नाहीत. शिवाय प्रत्येक मंत्रालयाचा उत्तराचा आठवड्यातला वार ठरलेला असतो. खासदारांच्या स्वीय सहायकांकडे मसुदा महिनाभर आधी, कागदांच्या प्रतींसह द्या. विधानमंडळाच्या मुदती वेगळ्या, त्या त्यांच्या सचिवालयाच्या वेळापत्रकात पाहा.

प्रश्न लावून देतो, ‘खर्च’ द्या, असं एक मध्यस्थ म्हणतो. (नाव न देण्याची विनंती)

एक रुपयाही देऊ नका. प्रश्नासाठी पैसे घेतल्यावरून डिसेंबर 2005 मध्ये संसदेच्या 11 सदस्यांची हकालपट्टी झाली होती.

‘माहिती गोळा करण्यात येत असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल’ असं उत्तर आलं. म्हणजे विषय संपला? (एक वाचक, बेलापूर)

उलट, आता तो धरून ठेवता येतो. लोकसभेत अशी वाक्यं ‘आश्वासन’ म्हणून नोंदली जातात. ‘बाब विचाराधीन आहे’ हेही त्यातलंच. आश्वासन तीन महिन्यांत पुरं करायचं असतं. नाही झालं तर खात्याला मुदतवाढ मागावी लागते, आणि शासकीय आश्वासनांची समिती सचिवांना बोलावून जाब विचारू शकते. तुम्ही एवढंच करा: प्रश्न क्रमांक आणि दिनांक लिहून ठेवा, तीन महिने उलटले की खासदारांना त्याच क्रमांकाने पत्र द्या. ‘त्या पुलाचं काय झालं?’ असं मोघम पत्र फायलीत हरवतं. राज्यातही विधानमंडळाची आश्वासन समिती आहे.

उत्तर सरळ चुकीचं असेल तर? (एक वाचक, कोपरी)

लगेच हक्कभंगाची (सभागृहाचा विशेषाधिकार मोडल्याच्या तक्रारीची) भाषा करू नका. हक्कभंगासाठी मंत्र्याने जाणूनबुजून दिशाभूल केली हे दाखवावं लागतं, आणि तिथेच बहुतेक प्रकरणं अडतात. लोकसभेत अध्यक्षांच्या निर्देश 115 चा रस्ता जास्त उपयोगी आहे. सदस्य उत्तरातली चूक पुराव्यासह अध्यक्षांना लेखी कळवतो, अध्यक्ष मंत्र्याकडून वस्तुस्थिती मागवतात आणि परवानगी दिली तर सभागृहात निवेदन होतं. खासदारांना देताना उत्तराची प्रत, त्यातलं चुकलेलं वाक्य अधोरेखित करून, आणि त्याला छेद देणारा एकच कागद जोडा. पंचवीस कात्रणांचा गठ्ठा कोणी उघडत नाही.